सही तुमची, जबाबदारीही तुमचीच!

जुलै महिना उजाडला की शहरांतील कचेऱ्यांमध्ये एक ठरावीक संवाद ऐकू येऊ लागतो. ''तुमचे विवरणपत्र भरून झाले का?'' ''ते सगळे आमचा माणूस बघतो. फॉर्म सोळा त्याच्याकडे टाकला की आपले काम संपले!'' हा 'आमचा माणूस' कधी सनदी लेखापाल असतो, कधी एखाद्या लेखापालाकडे चार वर्षे काम करून बाहेर पडलेला तरुण असतो, तर कधी विम्याच्या पॉलिसी विकता विकता विवरणपत्रेही भरून देणारा प्रतिनिधी असतो. कागद दिल्यावर चार-आठ दिवसांनी त्याचा फोन येतो, ''साहेब, मोबाइलवर सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा.'' साहेब कामाच्या गडबडीत ते आकडे वाचून दाखवतात आणि वर्षभरासाठी प्राप्तिकर हा विषय डोक्यातून काढून टाकतात.

त्या सहा आकड्यांचा अर्थ मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतो. आधार क्रमांकाशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा तो संकेतांक म्हणजे करदात्याची सही आहे. तो सांगितला त्या क्षणी, 'या विवरणपत्रातील माहिती माझ्या समजुतीनुसार खरी, पूर्ण आणि कायद्याला धरून आहे' असे प्रतिज्ञापन करदात्याने स्वतः केलेले असते. ते लिहिले कोणी, कोणत्या संगणकावर लिहिले, त्यासाठी किती रुपये मोजले, याची नोंद कायद्याच्या लेखी दुय्यम ठरते.

मग प्रश्न असा उरतो, की पैसे देऊन नेमलेल्या सल्लागाराने विवरणपत्रात चूक केली, किंवा त्याहून वाईट म्हणजे जाणूनबुजून खोटे लिहिले, तर भुर्दंड कोणी सोसायचा?

कायदा कोणाला ओळखतो?

याचे उत्तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात स्पष्ट आहे. कलम १४० नुसार व्यक्तीचे विवरणपत्र त्या व्यक्तीनेच सत्यापित करावयाचे असते. ती परदेशी असेल किंवा अन्य कारणाने स्वतः सही करू शकत नसेल, तर रीतसर मुखत्यारपत्र दिलेला माणूस ते करू शकतो. फी घेऊन विवरणपत्र भरून देणारा हा अशा अर्थाने करदात्याचा मुखत्यार नसतो. तो करदात्याचा लेखनिक असतो, फार तर सल्लागार असतो. करपात्र उत्पन्न करदात्याचे, पॅन करदात्याचा, परतावा जमा होणार तो करदात्याच्या बँक खात्यात. साहजिकच प्राप्तिकर खाते विचारणा करते ती करदात्यालाच.

सर्वसामान्यांना विवरणपत्र भरण्यासाठी माफक फीमध्ये मदत मिळावी, या हेतूने २००६ साली केंद्र सरकारने 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' योजना आणली. त्यासाठी कायद्यात कलम १३९ब घालण्यात आले आणि पदवीधर तरुणांना प्रशिक्षण देऊन ओळख क्रमांक देण्यात आले. अशा प्रशिक्षित व्यक्तीने तयार केलेल्या विवरणपत्रावर तिचीही सही असे. तरीही करदात्याच्या सहीची गरज संपली नाही आणि त्याची जबाबदारीही. सरकारने स्वतः प्रशिक्षित केलेल्या माणसाबाबत ही स्थिती, तर कोपऱ्यावरच्या 'आमच्या माणसा'बद्दल काय बोलावे! वकील वा डॉक्टर म्हणून व्यवसाय करायचा तर सनद लागते. दुसऱ्याचे प्राप्तिकर विवरणपत्र नुसते भरून द्यायला आपल्याकडे कोणत्याही सनदेची सक्ती नाही. त्यामुळे समोरचा माणूस कोण आहे, याची चौकशी करणे हे करदात्याचेच काम ठरते.

सहा दशके जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने प्राप्तिकर कायदा, २०२५ संमत केला. त्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू राहतो. या लेखातील कलमांचे क्रमांक त्या जुन्या कायद्यातील आहेत. नव्या कायद्यात क्रमांक बदलले, पण विवरणपत्राची जबाबदारी ज्याचे उत्पन्न त्याची, या तत्त्वाला हात लागलेला नाही.

कागद गेले, विश्वास उरला

एके काळी विवरणपत्रासोबत विम्याच्या पावत्या, देणगीच्या पावत्या, बँकेचे दाखले असे कागदांचे बाड जोडावे लागे. २००७-०८ या करनिर्धारण वर्षापासून ही पद्धत बंद झाली आणि विवरणपत्रे 'जोडपत्रविरहित' झाली. २००९ मध्ये बेंगळुरूला केंद्रीय प्रक्रिया केंद्र उभे राहिले. अधिकाऱ्याच्या टेबलाऐवजी विवरणपत्र संगणकाकडे जाऊ लागले. प्रामाणिक करदात्याची मोठी सोय झाली. परतावे महिन्यांऐवजी दिवसांत मिळू लागले.

या सोयीचा पाया विश्वास हा होता. वजावटीच्या रकान्यात आकडा लिहिला की संगणक तो प्रथमदर्शनी स्वीकारत असे. पावती विवरणपत्रासोबत द्यायची नव्हती, पण करदात्याकडे ती असणे मात्र अपेक्षित होते. नेमकी इथेच काही जणांना फट दिसली. पावती कोणी मागतच नाही, तर पावती हवीच कशाला, असा सोयीस्कर तर्क निघाला. न भरलेले घरभाडे, न काढलेला आरोग्य विमा, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, न दिलेली देणगी असे आकडे रकान्यांत जाऊन बसू लागले. 'मालकाने कापलेला कर परत मिळवून देतो, मिळेल त्यातले इतके टक्के माझे' अशी बोली होऊ लागली. कचेरीत एकाला घसघशीत परतावा मिळाला, की त्याच सल्लागाराचा क्रमांक दहा जणांच्या मोबाइलमध्ये जात असे.

जुलै २०२५ मध्ये या प्रकारावर मोठा प्रकाश पडला. विवरणपत्रांत खोट्या वजावटी आणि सवलती दाखवणाऱ्यांविरुद्ध प्राप्तिकर खात्याने देशभर मोहीम उघडली. १५० ठिकाणी तपासणी झाली. त्याआधीच्या शोधमोहिमांत पुरावे सापडलेल्या राज्यांमध्ये महाराष्ट्राचेही नाव होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तेव्हा दिलेली माहिती बोलकी होती. काही मध्यस्थांनी कमिशनच्या बदल्यात फुगवलेल्या परताव्याची आमिषे दाखवून विवरणपत्रे भरून देण्याची साखळीच उभी केली होती. या जाळ्यात बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, सरकारी कार्यालये आणि शैक्षणिक संस्थांतील कर्मचारी होते. म्हणजे फसलेले किंवा सामील झालेले लोक अडाणी नव्हते. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे अद्ययावत करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचेही मंडळाने सांगितले.

यातील अनेकांचे म्हणणे 'आम्हाला ठाऊकच नव्हते' असे असू शकेल, आणि काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु आपण ज्या पक्षाचे नावही ऐकलेले नाही, त्याला आपण दोन लाखांची देणगी दिल्याचे आपल्याच विवरणपत्रात लिहिलेले असताना, 'मी वाचले नाही' हे उत्तर कोणत्या अधिकाऱ्याला पटावे?

हिशेब करून पाहू

समजा, ठाण्यात राहणारे एक नोकरदार गृहस्थ जुन्या करप्रणालीनुसार कर भरतात आणि त्यांच्या उत्पन्नाचा वरचा भाग ३० टक्क्यांच्या टप्प्यात येतो. सल्लागाराने त्यांच्या नावे राजकीय पक्षाला दोन लाख रुपयांची देणगी दाखवली. उपकर बाजूला ठेवला, तर ६० हजार रुपयांचा कर वाचला आणि तेवढा परतावा खात्यात आला. त्यातील २० टक्के, म्हणजे १२ हजार रुपये, सल्लागाराने नेले. गृहस्थांच्या हाती उरले ४८ हजार.

दोन वर्षांनी विचारणा झाली. देणगीचा पुरावा नाही. आता मूळ ६० हजार रुपये कर परत भरावा लागेल. त्यावर व्याज लागेल. कलम २७०अ नुसार उत्पन्न कमी दाखवल्याबद्दलचा दंड कराच्या ५० टक्के असतो. पण वस्तुस्थितीचा विपर्यास करून किंवा कोणताही पुरावा नसलेला खर्च दाखवून उत्पन्न कमी केले असेल, तर तो २०० टक्क्यांवर जातो. म्हणजे दंडच एक लाख २० हजार रुपये. कर आणि दंड मिळून एक लाख ८० हजार, शिवाय व्याज आणि उपकर. सल्लागाराने नेलेले १२ हजार परत येण्याची शाश्वती नाही. ४८ हजारांच्या मोहापायी एवढा बोजा डोक्यावर येतो. प्रकरण गंभीर असेल तर खोटे सत्यापन केल्याबद्दल खटला भरण्याचीही तरतूद कायद्यात आहे.

या हिशेबात सल्लागाराच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे दिसते. परतावा येताच त्याचे कमिशन त्याला मिळालेले असते. नोटीस येते तेव्हा तो कदाचित दूरध्वनीही उचलत नाही. परताव्याच्या टक्केवारीवर फी घेणाऱ्याचा फायदा परतावा फुगवण्यात असतो आणि धोका मात्र सगळा दुसऱ्याच्या माथी असतो. म्हणूनच 'परतावा मिळवून दिला तर इतके टक्के' ही बोली कानावर पडली, की तिथून काढता पाय घेतलेला बरा.

चूक आणि लबाडी

याचा अर्थ, सल्लागाराच्या हातून झालेल्या प्रत्येक चुकीबद्दल करदात्याला दंडच होतो, असा नव्हे. कर आणि व्याज यांतून सुटका नाही, कारण तो कर मुळातच देय होता. दंडाची गोष्ट निराळी आहे. करदात्याने दिलेले स्पष्टीकरण प्रामाणिक असेल आणि त्याने सर्व महत्त्वाच्या बाबी उघड केल्या असतील, तर त्या रकमेपुरता दंड लावू नये, अशी तरतूद कलम २७०अ मध्येच आहे.

न्यायालयांनीही हा विवेक वेळोवेळी केला आहे. 'हिंदुस्थान स्टील' प्रकरणात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जाणीवपूर्वक कायदा मोडला नसेल किंवा वर्तन बेपर्वाईचे नसेल, तर केवळ कायद्यात तरतूद आहे म्हणून दंड लावणे योग्य नाही. 'धर्मेंद्र टेक्स्टाइल' प्रकरणात २००८ मध्ये त्याच न्यायालयाने कराच्या दंडासाठी हेतुपुरस्सर लबाडी सिद्ध करणे आवश्यक नसल्याचे म्हटले आणि पारडे काहीसे खात्याकडे झुकले. 'प्राइस वॉटरहाऊस कूपर्स' प्रकरणातील २०१२ चा निकाल तर मोठा उद्बोधक आहे. हिशेब तपासनिसांच्या या नामांकित संस्थेच्याच विवरणपत्रात चूक झाली होती. उपदानासाठी केलेली एक तरतूद वजावटीस पात्र नसल्याचे तिच्या करलेखापरीक्षण अहवालात लिहिलेले होते, पण विवरणपत्रात ती रक्कम उत्पन्नात मिळवायची राहून गेली. अशी प्रामाणिक मानवी चूक कोणाकडूनही होऊ शकते, असे मानून न्यायालयाने दंड रद्द केला. तिथे तारणारी गोष्ट एकच होती. खरी माहिती त्याच कागदपत्रांत समोर मांडलेली होती, काहीही दडवलेले नव्हते.

अमेरिकेतील एक निकालही या संदर्भात सांगण्याजोगा आहे. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना तर तो थेट लागू पडतो. एका मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने इस्टेटीच्या कराचे विवरणपत्र भरण्याचे काम वकिलाकडे सोपवले होते. वकिलाच्या कार्यालयात अंतिम तारखेची नोंद करायची राहिली आणि विवरणपत्र तीन महिने उशिरा गेले. 'मी वकिलावर विसंबलो होतो' हा व्यवस्थापकाचा बचाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये 'बॉयल' प्रकरणात फेटाळला. एखादे उत्पन्न करपात्र आहे की नाही, अशा कायद्याच्या गुंतागुंतीच्या प्रश्नावर तज्ज्ञाचा सल्ला मानणे वाजवी आहे. मुदत कधी संपते हे पाहण्यासाठी मात्र तज्ज्ञ लागत नाही, ते ज्याचे त्याने पाहावे, असा त्या निकालाचा आशय होता.

देश निराळा, कायदा निराळा, पण सीमारेषा तीच आहे. जे समजण्यासाठी खरोखर तज्ज्ञ लागतो, तिथे सल्लागारावरचा विश्वास उपयोगी पडतो. आपण घरभाडे भरतो की नाही, आपण देणगी दिली की नाही, हे कळण्यासाठी सनदी लेखापाल लागत नाही. तिथे विश्वासाची सबब टिकत नाही.

सल्लागार सुटतो का?

सल्लागार अगदीच मोकाट सुटतो असे नाही. खोटे विवरणपत्र भरण्यास चिथावणी वा साहाय्य देणे हा कलम २७८ नुसार गुन्हा आहे आणि वर उल्लेखिलेल्या मोहिमेचा रोख अशाच मध्यस्थांवर होता. सनदी लेखापालाने व्यावसायिक गैरवर्तन केले, तर त्याच्या संस्थेच्या शिस्तपालन यंत्रणेकडे तक्रार करता येते. लेखापालाने दिलेल्या अहवालात किंवा दाखल्यात चुकीची माहिती आढळल्यास प्रत्येक अहवालामागे दहा हजार रुपये दंडाची तरतूद २०१७ मध्ये कायद्यात आली.

पण यातील कोणत्याही उपायाने करदात्याची थकबाकी भरली जात नाही. सल्लागाराला शिक्षा झाली तरी करदात्याच्या नावावरची मागणी तशीच राहते. सल्लागाराशी भांडण हा करदात्याचा आणि त्याचा आपसांतला मामला ठरतो. त्यातही सगळा व्यवहार तोंडी झालेला असेल, फीची पावती नसेल, कोणती कागदपत्रे दिली याची नोंद नसेल, तर ते भांडण उभेच राहत नाही.

प्रामाणिक सल्लागारालाही न दिसणारे

आतापर्यंत लबाड मध्यस्थांबद्दल लिहिले, म्हणून सारे करसल्लागार संशयास्पद ठरत नाहीत. बहुसंख्य लेखापाल आपले काम चोख करतात. अडचण अशी, की सल्लागाराला दिसते ते करदाता दाखवतो तेवढेच.

नोकरदाराने फॉर्म सोळा दिला, पण दुसऱ्या बँकेतील मुदत ठेवीचे व्याज सांगितले नाही. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली, पण आधीच्या कंपनीचा फॉर्म सोळा द्यायचा राहिला. मग दोन्ही मालकांनी आपापल्या परीने करमुक्त मर्यादेचा लाभ दिलेला असतो आणि एकत्रित उत्पन्नावर कर कमी पडतो. म्युच्युअल फंडाची एक योजना बदलून दुसरी घेतली, पैसे हातात आले नाहीत म्हणून ती विक्री झाली असे वाटलेच नाही. कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच असते आणि तिच्यावरचा भांडवली नफा दाखवावा लागतो.

पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांतल्या मंडळींची एक वेगळीच अडचण आहे. अनेकांना अमेरिकी मूळ कंपनीचे समभाग पगाराचा भाग म्हणून मिळतात. ते समभाग परदेशी मालमत्ता ठरतात. एकही समभाग विकला नसला, तरी भारतातील रहिवाशाला विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात त्यांची नोंद करावी लागते. २०१५ च्या काळा पैसाविरोधी कायद्यात अशी माहिती न दिल्याबद्दल दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. स्थावराखेरीज अन्य मालमत्तेसाठी २० लाख रुपयांपर्यंतची सूट ऑक्टोबर २०२४ पासून या दंडाला मिळाली, पण नोंद करण्याचे बंधन कायम राहिले. आपल्या ग्राहकाकडे असे समभाग आहेत, हे फक्त फॉर्म सोळा पाहणाऱ्या सल्लागाराच्या ध्यानी येईलच असे नाही. ते त्याला सांगायला हवे आणि विवरणपत्रात ते उमटले की नाही, हेही पाहायला हवे.

पत्ता कोणाचा?

आणखी एक गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिने अनेकांची झोप उडवली आहे. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर खाते उघडताना सल्लागार बहुधा स्वतःचा ई-मेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक देतो. पासवर्डही त्याच्याचकडे असतो. 'साहेबांना उगाच त्रास नको' हे त्याचे सांगणे कित्येकदा खरेही असते. परंतु प्राप्तिकराचे कामकाज आता बव्हंशी चेहराविरहित पद्धतीने चालते. अधिकाऱ्याचा माणूस घरी नोटीस घेऊन येत नाही. नोटीस संकेतस्थळावर लागते आणि नोंदलेल्या ई-मेलवर जाते. तिथे ती पोहोचली की कायद्याच्या दृष्टीने करदात्याला मिळाली.

जुलै २०२५ च्या तपासात हेच आढळले होते. ढीगभर विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते तयार करायचे आणि नंतर सोडून द्यायचे, अशी काही मध्यस्थांची रीत होती. खात्याच्या नोटिसा त्या बेवारस पत्त्यांवर न वाचता पडून राहिल्या. नोटिशीला उत्तर नाही म्हणून एकतर्फी आदेश होतो. आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत ३० दिवसांची असते. करदात्याला पत्ता लागतो तो पुढच्या एखाद्या वर्षी, हक्काचा परतावा जुन्या थकबाकीत वळता झाल्यावर. विलंब माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावे लागते. 'माझ्या खात्यात कोणाचा पत्ता आहे, हेच मी पाहिले नव्हते' हे कारण सबळ वाटणे कठीण आहे.

चूक ध्यानात आली तर

चूक झाल्याचे कळल्यावर गप्प बसणे हा सर्वांत महागडा मार्ग होय. मुदतीच्या आत कळले, तर कलम १३९(५) नुसार सुधारित विवरणपत्र भरता येते. ती मुदत टळली असेल, तरी २०२२ पासून 'अद्ययावत विवरणपत्रा'ची सोय आहे. २०२५ मध्ये तिची मुदत संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवण्यात आली. मूळ कर आणि व्याजावर जादा कर द्यावा लागतो. तो पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, त्यानंतरच्या वर्षांत अनुक्रमे ५०, ६० आणि ७० टक्के असतो. या मार्गाने परतावा वाढवून मागता येत नाही किंवा कर कमी करता येत नाही. ही सोय कबुलीसाठीच आहे.

आपल्या ठाण्याच्या गृहस्थांनी पहिल्याच वर्षात ही वाट धरली असती, तर ६० हजार रुपये कर, त्यावरील व्याज आणि या दोहोंवर २५ टक्के, म्हणजे १५ हजारांहून थोडी अधिक रक्कम देऊन ते मोकळे झाले असते. एक लाख २० हजारांच्या दंडापुढे ही रक्कम किरकोळच म्हणायची. मात्र खात्याची कारवाई सुरू झाल्यावर हा दरवाजा अरुंद होत जातो. म्हणून नोटिशीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

सहीपूर्वीचा अर्धा तास

मग सल्लागार नेमूच नये काय? अवश्य नेमावा. व्यवसायाचे उत्पन्न, घराची विक्री, परदेशी उत्पन्न अशा बाबतीत तज्ज्ञाला पर्याय नाही. केवळ सही करण्यापूर्वी अर्धा तास काढावा, एवढेच सांगणे आहे.

विवरणपत्र दाखल होण्यापूर्वी त्याचा मसुदा मागून घ्यावा. नोव्हेंबर २०२१ पासून संकेतस्थळावर प्रत्येक करदात्याचे वार्षिक माहितीपत्रक मिळते. बँकेचे व्याज, लाभांश, समभागांची खरेदी-विक्री हे सारे त्यात दिसते. ते आणि २६एएस हे करकपातीचे पत्रक मसुद्याशेजारी ठेवून आकडे ताडून पाहावेत. माहितीपत्रकातही चूक असू शकते, तसे असल्यास तिथेच आक्षेप नोंदवता येतो. वजावटीच्या प्रत्येक रकान्यापुढे 'याची पावती माझ्याकडे आहे का?' हा एकच प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर तो आकडा काढायला लावावा. नव्या करप्रणालीत यातील बहुतेक वजावटी मिळतच नाहीत. त्यामुळे आपले विवरणपत्र कोणत्या प्रणालीनुसार भरले आहे, हेही विचारून घ्यावे.

संपर्काच्या जागी आपलाच मोबाइल आणि आपलाच ई-मेल आहे याची खात्री करावी, पासवर्ड आपल्या हाती ठेवावा. सल्लागाराशी पत्रव्यवहार शक्यतो लेखी असावा आणि फीची पावती घ्यावी. विवरणपत्र पाठवल्यावर त्याचे सत्यापन ३० दिवसांत झाले पाहिजे, असा दंडक ऑगस्ट २०२२ पासून आला. ते राहिले तर भरलेले विवरणपत्र वेळेत भरल्याचे धरले जात नाही. म्हणून पोचपावती आणि विवरणपत्राची पूर्ण प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी. घरात वृद्ध आई-वडील असतील, तर त्यांच्याही विवरणपत्रांवर एकदा नजर टाकावी. निवृत्तिवेतनधारकांना 'आमचा माणूस' हा आधार अधिकच मोठा वाटतो आणि त्यांच्या नावावर काय लिहिले जाते, हे पाहणारे कोणी नसते.

आपल्याकडे कोऱ्या कागदावर सही करू नये, हे लहानपणापासून सांगितले जाते. सावकाराच्या वहीवर न वाचता उमटवलेल्या अंगठ्यांनी किती घरे बुडवली, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले होते. आज शिकली-सवरलेली माणसे मोबाइलवर आलेले सहा आकडे न वाचलेल्या विवरणपत्रासाठी सांगून टाकतात, तेव्हा ती वेगळे काय करीत असतात? पुढच्या वेळी 'साहेब, आकडे सांगा' असा फोन आला, तर आधी एवढेच म्हणावे, ''काय भरले आहे ते पाठवा. वाचतो आणि मग सांगतो.'' सल्लागार चांगला असेल, तर त्याला या मागणीचा आनंदच वाटेल. त्याने टाळाटाळ केली, तर त्या टाळाटाळीनेच सल्लागार बदलण्याची वेळ आल्याचे सांगितले, असे समजावे.